सतरावा नंबर आणि एक कप

२२ मे २०२५. रात्रीचे अडीच वाजत आले होते. लॅपटॉपवर बिल्बाओचं स्टेडियम, कानात इअरफोन, आणि तोंडावर उशी, कारण शेजारच्या खोलीतल्या रूममेटला सकाळी आठची कॅब होती. टॉटनहॅमने युरोपा लीगची फायनल १-० ने जिंकली आणि मी त्या उशीत ओरडलो. स्पर्सची याआधीची ट्रॉफी २००८ ची. तेव्हा मी पाचवीत होतो आणि फुटबॉल म्हणजे पीटीच्या तासाला अर्ध्या वर्गाने एकाच चेंडूमागे धावणं, एवढीच माझी समजूत होती.

आमचा चौघांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधला. त्यावर पहिला मेसेज आला तो अभिनंदनाचा नव्हता. आमच्यातल्या कोल्हापूरकराने लिहिलं होतं, "भावा, आता सांग. अँज मॅनेजर म्हणून चांगला का वाईट?"

मी काहीतरी टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. शेवटी नुसता कपाचा इमोजी टाकला आणि झोपलो. म्हणजे झोपायचा प्रयत्न केला. प्रश्न साधा वाटतो, पण त्याच हंगामात तोच संघ प्रीमियर लीगमध्ये वीसपैकी सतराव्या नंबरवर होता. ३८ सामन्यांत २२ पराभव. खालचे तीन संघ इतके वाईट होते म्हणून आम्ही वाचलो, नाहीतर खालच्या लीगमध्ये गेलो असतो. एका हातात सतरा वर्षांनी आलेला कप आणि दुसऱ्या हातात असा निकाल. त्यानंतर सोळा दिवसांनी, ६ जूनला, क्लबने अँज पोस्टेकोग्लूला काढून टाकलं.

फुटबॉलशी घेणंदेणं नसेल तरी थांबा जरा. मला ज्याबद्दल बोलायचं आहे ते फक्त फुटबॉलचं नाही.

मागे जाऊ. अँज आला तो जून २०२३ मध्ये, स्कॉटलंडच्या सेल्टिककडून. अथेन्समध्ये जन्मलेला, लहानपणी आईवडिलांबरोबर मेलबर्नला गेलेला, ऑस्ट्रेलिया आणि जपानमध्ये जिंकून आलेला माणूस. इंग्लंडमधल्या लोकांना तो कोण हे नीट माहीत नव्हतं. त्याच्या आधी आमच्याकडे मॉरिन्यो, नूनो, काँते असे एकापाठोपाठ एक सावध खेळवणारे मॅनेजर होऊन गेले होते. एक गोल करायचा आणि मग आपल्या बॉक्ससमोर सगळ्यांनी भिंत बांधून उभं राहायचं. जिंकलो तरी कंटाळा यायचा, आणि हल्ली तर जिंकतही नव्हतो. या क्लबचं लॅटिन ब्रीदवाक्य आहे, त्याचा अर्थ साधारण असा की धाडस करणं म्हणजेच करणं. १९६१ मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही जिंकणाऱ्या संघाचा कॅप्टन डॅनी ब्लँचफ्लॉवर म्हणायचा की हा खेळ निव्वळ जिंकण्यासाठी नसतो, तो दिमाखात खेळण्यासाठी असतो. थोडक्यात, ज्यांना कप मिळत नाहीत त्यांनी स्टाइलचा अभिमान बाळगायचा, अशी आमची जुनी सोय.

अँजने ती सोय परत आणली. आल्या आल्या ऑगस्टमध्ये हॅरी केन बायर्नला विकला गेला, क्लबच्या इतिहासातला सगळ्यात जास्त गोल करणारा माणूस. आणि बदल्यात आले कोण? एम्पोलीचा गोलकीपर विकारिओ, लेस्टरचा मॅडिसन, फॉरेस्टचा ब्रेनन जॉन्सन, आणि वोल्फ्सबर्गचा बावीस वर्षांचा डच सेंटर बॅक मिकी व्हॅन डी व्हेन. ग्रुपवर आठ दिवस तोच विषय. आर्सेनलवाला म्हणाला, "केन विकून हे घेतलंत? सेल लागला होता का?" मी यूट्यूबवर व्हॅन डी व्हेनचे चार मिनिटांचे तुकडे बघून त्याच्यावर व्याख्यान दिलं. चार मिनिटांच्या तुकड्यांत जगातला कुठलाही खेळाडू चांगलाच दिसतो, हे तेव्हा कोणी बोललं नाही, कारण समोरचाही तेच करत होता.

सायनिंगवरचे हे सगळे वाद मला आता मूळातच चुकीचे वाटतात. खेळाडू नुसता चांगला किंवा वाईट नसतो, तो कशासाठी घेतलाय हे बघावं लागतं. अँजच्या पद्धतीत बचावातले चौघं आपल्या गोलपासून लांब, जवळपास मध्यरेषेपर्यंत वर येऊन उभे राहतात. याला हाय लाइन म्हणतात. त्यामुळे समोरच्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही आणि चेंडू लवकर परत मिळतो. पण आपल्या पाठीमागे चाळीस-पन्नास मीटर मोकळं रान. तिथे एक लांब चेंडू पडला की तो गाठायला कमालीचा वेगवान सेंटर बॅक लागतो आणि वेळ पडली तर बॉक्सबाहेर धावत येणारा गोलकीपर लागतो. व्हॅन डी व्हेन प्रीमियर लीगमधल्या सगळ्यात वेगवान खेळाडूंपैकी एक निघाला. मॉरिन्योच्या संघात त्या वेगाचं काय करायचं असा प्रश्न पडला असता. अँजच्या संघात तो नसेल तर अख्खी इमारत कोसळते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण इमारत कोसळली.

पहिले दहा सामने स्वप्नासारखे गेले. आठ विजय, दोन बरोबरी, २६ गुण, टेबलमध्ये वरचा नंबर. मग ६ नोव्हेंबर २०२३, घरच्या मैदानावर चेल्सी. आपल्याकडे रात्री दीड वाजता. रोमेरोला रेड कार्ड. मॅडिसन आणि व्हॅन डी व्हेन जखमी होऊन पहिल्या अर्ध्यातच बाहेर. मग उदोजीला रेड कार्ड. नऊ खेळाडू उरले, आणि ते नऊ जण तरीही मध्यरेषेजवळ उभे! विकारिओ गोल सोडून धावत येतोय, चेल्सीवाले पुनःपुन्हा ऑफसाइड होतायत, आणि मी पलंगावर उभा. ४-१ हरलो. शेवटचे दोन गोल तर भरपाई वेळेतले. प्रेक्षकांनी उठून टाळ्या वाजवल्या. सामन्यानंतर अँज म्हणाला की आम्ही असेच आहोत, पाच जण उरले तरी असंच खेळू.

मी त्या रात्री त्या माणसाच्या प्रेमात पडलो. ग्रुपवर लिहिलं, "निकाल गेला खड्ड्यात. काहीतरी ठरवून, त्यावर ठाम राहून खेळणारा माणूस दिसला." कोल्हापूरकराने उलट विचारलं, "हेच सामने तू दर आठवड्याला हरलास तर?" मी म्हणालो, तरीही. लिहून दिलं. स्क्रीनशॉट आहे त्याच्याकडे.

पहिल्या हंगामात पाचवे आलो. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला, सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलकडून हरल्यावर अँजने मुलाखतीत सांगून टाकलं की मी दुसऱ्या वर्षी नेहमीच काहीतरी जिंकतो. आणि तिथून घसरण सुरू झाली. ब्राइटनविरुद्ध २-० पुढे असताना ३-२ ने हरलो. तोपर्यंत एकही सामना न जिंकलेल्या इप्सविचकडून घरी हरलो. मधेच मँचेस्टर सिटीला त्यांच्या मैदानावर ४-० ने उडवलं, ते वेगळंच. मग चेल्सीकडून ४-३, लिव्हरपूलकडून ६-३. विकारिओचा घोटा मोडला, व्हॅन डी व्हेनचं हॅमस्ट्रिंग परत परत गेलं, रोमेरो बाहेर. अठरा वर्षांचा आर्ची ग्रे, जो मिडफिल्डर म्हणून लीड्सहून घेतला होता, तो कित्येक आठवडे सेंटर बॅकला खेळला. पोरगं शूर होतं, पण त्याचं ते काम नव्हतं.

आणि आमच्या वादाचा विषय बदलला. आता प्रश्न असा झाला: हे सगळं अँजचं दुर्दैव की अँजची चूक?

इथे मला बर्नार्ड विल्यम्सची आठवण होते. म्हणजे तेव्हा झाली नव्हती. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, फिलॉसॉफीशी संबंध पॉडकास्टपुरता. फायनलनंतर त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना तो सापडला. हा इंग्लिश तत्त्वज्ञ, १९७६ मध्ये त्याने आणि अमेरिकन टॉमस नेगलने 'मॉरल लक' या कल्पनेवर एकमेकांना जोडून लेख लिहिले. आपण समजतो की माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींसाठीच चांगलं-वाईट म्हणावं. नशिबाचा हिशोब वेगळा. विल्यम्स म्हणतो, असं वेगळं करता येत नाही. त्याचं उदाहरण चित्रकार गोगँचं आहे. समजा एक माणूस बायको-मुलांच्या जबाबदाऱ्या सोडून दूर बेटावर चित्रं काढायला जातो. त्याचं वागणं समर्थनीय होतं का? विल्यम्सच्या मते, समर्थन असलंच तर ते फक्त यशातून येईल. तो मोठा चित्रकार झाला तर. आणि जाताना त्याला ते माहीत असणं शक्यच नाही. निघताना तो स्वतःचं समर्थन उधारीवर घेऊन निघतो.

यात विल्यम्स पुढे एक बारीक फरक करतो, तो मला सगळ्यात कामाचा वाटला. गोगँ अपयशी दोन तऱ्हांनी होऊ शकतो. एक, वाटेत त्याला अपघात झाला आणि हातच गेला. मग प्रकल्प फसला, पण तो चूक होता असं ठरत नाही, तो तपासलाच गेला नाही. दुसरं, तो बेटावर पोचला, चित्रं काढली, आणि ती भिकार निघाली. मग मात्र प्रकल्पच खोटा होता असं दिसतं. पहिलं दुर्दैव बाहेरून आलं, दुसरं आतून.

आता परत हॅमस्ट्रिंगकडे या. आमच्या ग्रुपवरचे महिनोनमहिने चाललेले वाद या एकाच फरकावर होते, फक्त आम्हाला ते माहीत नव्हतं. मी म्हणायचो, दोन्ही सेंटर बॅक आणि गोलकीपर एकदम गेले तर जगातला कुठला मॅनेजर टिकेल? म्हणजे बाहेरचं दुर्दैव. कोल्हापूरकर म्हणायचा, त्यांना प्रत्येक सामन्यात वीस वेळा मागे वळून शंभर मीटरवाल्यासारखं पळायला लावतोस, आणि मग स्नायू गेला की नशीब म्हणतोस? म्हणजे आतलं. त्याचा मुद्दा सिद्ध झालेला नाही, दुखापती कशामुळे होतात हे सांगणं डॉक्टरांनाही सोपं नसतं. पण माझा मुद्दाही सिद्ध झालेला नव्हता. मी फक्त माझ्या सोयीचा अर्धा निवडला होता, आणि त्याला तत्त्व म्हणत होतो.

हे मला कसं कळलं ते सांगतो. फुटबॉलमधून नाही कळलं.

एप्रिल २०२४ मध्ये आमच्या ऑफिसात नवा आर्किटेक्ट आला. कंपनीचं नाव सांगत नाही, माणसाचंही नाही. पन्नाशीकडे झुकलेला, शांत, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. येताना जुन्या कंपनीतली दोन माणसं घेऊन आला. तुमच्या लक्षात आलंच असेल, सायनिंग्ज. आमच्याकडे तोपर्यंत महिन्यातून एकदा रिलीज व्हायचा, सगळं एकाच अवजड अॅप्लिकेशनमध्ये, आणि काही बिघडलं तर रात्री सपोर्ट टीमने बघायचं. त्याने सांगितलं, दर आठवड्याला छोटा रिलीज. पेमेंटचा भाग वेगळा काढायचा. आणि ज्याने कोड लिहिला त्यानेच रात्री फोन उचलायचा. यामागचा विचार त्याने व्हाइटबोर्डवर नीट समजावला होता. मला तो पटलाही होता. कागदावर.

पुढच्या चार महिन्यांत तीन वेळा सिस्टिम पडली. एकदा रात्री तीन वाजता माझा फोन वाजला, चूक माझ्याच कोडमध्ये होती, आणि मी तासभर थरथरत्या हातांनी लॉग वाचत बसलो होतो. मधल्या काळात आमच्यातले दोन सीनिअर सोडून गेले. त्यांची कामं नव्या पोरांवर आली. आर्ची ग्रेच म्हणा ना.

नोव्हेंबरमध्ये फीडबॅकचा फॉर्म आला, निनावी. मी त्यात लिहिलं, "बदलाचा वेग टीमला झेपणारा नाही. नव्या माणसांना आपली सिस्टिम समजलेली नाही. लीडरशिप परिस्थितीनुसार लवचीक नाही." हे मी ज्या आठवड्यात लिहिलं त्याच आठवड्यात आम्ही इप्सविचकडून हरलो होतो, आणि त्याच लॅपटॉपवरून मी ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकला होता की मॅनेजरला वेळ द्या, प्रक्रियेवर विश्वास ठेवा, दोन-चार निकालांवरून माणूस जोखू नका. दोन्हींमध्ये फार तर तीन दिवसांचं अंतर असेल. मला त्यात काहीही विसंगत वाटलं नाही.

जानेवारीत तो गेला. निरोपाला केक होता. माझ्यासारखं अजून किती जणांनी लिहिलं होतं मला माहीत नाही. एकट्या माझ्यामुळे गेला असं समजण्याइतका मी मोठा नाही, पण माझा फॉर्म त्या ढिगात होता.

यंदा जुलैमध्ये आमचा वर्षातला मोठा सेल झाला. ट्रॅफिक नेहमीच्या कैक पट. जुनं अॅप्लिकेशन धापा टाकत होतं, पण पेमेंटचा जो भाग त्याने वेगळा काढायला लावला होता तो एकदाही अडला नाही. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं की पाया चांगला घातला गेला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. जिन्यात एका ज्युनिअरला तर मी म्हणालो की मला ते डिझाइन पहिल्यापासून आवडलं होतं. खोटं नव्हतं ते पूर्ण. म्हणूनच जास्त लाज वाटली.

आणि ते दोन सीनिअर? त्यातल्या एकाला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, माझा जर्मनीचा व्हिसा तो माणूस येण्याच्या आधीच टाकलेला होता. म्हणजे बाहेरचं दुर्दैव. दुसरा रात्रीच्या फोनना कंटाळून गेला होता. म्हणजे आतलं. एक-एक. हा प्रश्न मी फॉर्म भरायच्या आधी विचारू शकलो असतो, दोन फोन लागले असते. पण तेव्हा रात्री माझा फोन वाजत होता, आणि मला तो बंद व्हायला हवा होता. टॉटनहॅमच्या हाय लाइनसाठी मात्र माझी झोप मी आनंदाने द्यायला तयार होतो, शनिवारी, स्वतःच्या मर्जीने.

विल्यम्सच्याच लेखात एक लॉरी ड्रायव्हर आहे. त्याची काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसालाही वाईट वाटतं, पण ड्रायव्हरला जे वाटतं ते वेगळं. ते 'माझ्या हातून झालं' असं असतं, चूक नसली तरी. बघ्याला तसं वाटलं तर आपण त्याला विचित्र म्हणू, आणि ड्रायव्हरला तसं वाटलं नाही तर त्याला.

फॅन हा त्यातला विचित्र बघ्या. आपण "हरलो" म्हणतो, "ते हरले" नाही म्हणत. आपण काहीही केलेलं नसतं. पास दिला नाही, संघ निवडला नाही, पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून फार तर शिव्या दिल्या. पण छातीत जे होतं ते ड्रायव्हरचं असतं. हे हास्यास्पद आहे असं मी म्हणणार नाही, मला ते प्रिय आहे. पण त्यामुळे एक भ्रम होतो. आपल्याला वाटतं की आपणही किंमत मोजतोय, म्हणून आपण न्यायाधीश व्हायला लायक आहोत.

कोल्हापूरकराचं वेगळं आहे. तो तालमीच्या संघांमध्ये वाढला. तिथे शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ खेळतो, बाहेरून खेळाडू आणले जातात, पार नायजेरियाहून सुद्धा, आणि त्यावरही असेच वाद होतात. पण तिथे वर्गणी आपल्या खिशातून गेलेली असते आणि हरलेला सेंटर बॅक दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चहाला भेटतो. "त्याला तोंडावर सांगता येईल तेवढंच आम्ही बोलतो," असं तो एकदा म्हणाला होता. मला हे थोडं गोड करून सांगितल्यासारखं वाटलं, कारण तिथल्या मारामाऱ्याही मी ऐकून आहे. तरी त्याचं वाक्य राहिलं डोक्यात. फीडबॅकचा फॉर्म निनावी होता.

आणि फॅनला नेमकं हवं काय असतं, हेही वाटतं तितकं सरळ नाही. १४ मे २०२४ चा सामना आठवा. स्पर्स विरुद्ध सिटी, आपलं मैदान. आपण जिंकलो तर चॅम्पियन्स लीगची आशा जिवंत राहणार होती. पण सिटी हरली असती तर आर्सेनल लीग जिंकायच्या उंबरठ्यावर पोचलं असतं. आणि आमच्यातल्या कितीतरी लोकांना आपला स्वतःचा संघ हरायला हवा होता! स्टेडियममध्ये सिटीने गोल केल्यावर आर्सेनलला चिडवणारी गाणी सुरू झाली. ८६ व्या मिनिटाला सॉन एकटा गोलकीपरसमोर गेला, त्याचा फटका ओर्टेगाच्या पायाला लागून अडला, आणि माझ्या तोंडून सुटकेचा श्वास गेला. मी तो ऐकला. चेल्सीच्या रात्री तत्त्वाच्या गप्पा मारणारा मीच. अँज त्या दिवशी भयंकर चिडला होता, म्हणाला की क्लबच्या आत आणि बाहेरही पाया डळमळीत आहे. त्या बाहेरच्या पायात मी येत होतो. त्याला जिंकायचं होतं, आणि ज्याला स्टाइल हवी, धाडस हवं असं आम्ही म्हणत होतो त्या आम्हाला त्या रात्री फक्त शेजाऱ्याचं वाटोळं हवं होतं. आर्सेनलवाल्याने दोन दिवस ग्रुप म्यूट केला. बरोबरच केलं.

तर परत बिल्बाओ. ती फायनल जिंकली कशी, हे अजून सांगितलं नाही. मध्यरेषेवर उभं राहून नाही जिंकली. ४२ व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा एक धड नीट न लागलेला, कुणाच्या तरी अंगाला घासून आत गेलेला गोल, आणि नंतर पाऊण तास सगळे आपल्या बॉक्सपुढे. चेंडू बहुतेक वेळ मँचेस्टर युनायटेडकडे. ६८ व्या मिनिटाला हॉयलुंडचं हेडर रिकाम्या गोलमध्ये जाणार, इतक्यात व्हॅन डी व्हेनने हवेत उलटं होऊन तो चेंडू गोललाइनवरून बाहेर काढला. मागच्या रानात पळण्यासाठी घेतलेल्या माणसाने कप वाचवला तो स्वतःच्या गोलमध्ये उभं राहून. मॉरिन्योलाही लाज वाटावी असा सावध सामना होता तो, आणि अँजने तो जाणूनबुजून खेळवला. लीग त्याने एप्रिलपासूनच सोडल्यात जमा केली होती, चांगले खेळाडू गुरुवारसाठी राखून ठेवत होता. गोगँसारखाच, सगळा हंगाम गहाण टाकून एका कपावर लावलेला.

म्हणून मला त्या रात्री उत्तर देता आलं नाही. मी दोन वर्षं म्हणत आलो की तो चांगला, कारण तो तत्त्व सोडत नाही. तो जिंकला तत्त्व सोडून. कोल्हापूरकर दोन वर्षं म्हणत होता की त्याने थोडं तडजोडीने खेळावं. त्याने तसं केलं आणि जिंकला, पण कोल्हापूरकराला तर त्याला डिसेंबरातच काढायचं होतं. आणि तो चेंडू चार इंच इकडे-तिकडे गेला असता, सामना फिरला असता, तर आम्ही दोघांनीही सकाळी त्याला नालायक म्हटलं असतं, पूर्ण खात्रीने, जणू आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.

विल्यम्सचं म्हणणं मान्य करायचं तर यात वावगं काही नाही, यशच समर्थन असतं. पण तो करणाऱ्या माणसाबद्दल बोलतोय, ज्याने डाव लावलाय त्याच्याबद्दल. ज्याने काही लावलं नाही त्याने निकाल आल्यावर कुठल्या बाजूला उभं राहायचं, ते निकालानंतर ठरवणं मला आता जड जातं. क्लबने सोळा दिवसांनी त्याला काढलं तेव्हा निदान एक गोष्ट सरळ केली. त्यांनी आपल्या निवेदनात लीगमधल्या कामगिरीचा हिशोब मांडला आणि कप हातात असताना तो निर्णय घेतला. मला तो आवडला नाही. पण त्यात धाडस होतं, हे नाकारता येत नाही.

मग ब्रेंटफर्डहून टॉमस फ्रँक आला. मोहम्मद कुडूस, पालिन्या, सॉन लॉस एंजेलिसला गेला, आणि ग्रुपवर परत तेच, केवढ्याला घेतला, कशाला विकला. या वेळी मी एक केलं. पहिल्या सामन्याच्या आधी फोनच्या नोट्समध्ये मला काय हवंय ते तारीख घालून लिहून ठेवलं, निकाल यायच्या आत. चार ओळी. लीगमध्ये दहाच्या वर. तरुण खेळाडूंना त्यांच्या जागेवर खेळवणं. नोव्हेंबरच्या आत मॅनेजरबद्दल मत द्यायचं नाही. आणि सेट पीसवरून गोल झाला तर तोंड वाकडं करायचं नाही, कारण ब्रेंटफर्डमध्ये त्याची ती खासियत होती.

१३ ऑगस्टला उदिनेला सुपर कप, समोर युरोपचा विजेता पीएसजी. परत रात्री साडेबारा, परत उशी. दोन फ्री किक, त्यातून दोन गोल, व्हॅन डी व्हेन आणि रोमेरो. २-० पुढे. मी तोंड वाकडं केलं नाही. मग संघ मागे मागे सरकत गेला, ८५ व्या मिनिटाला एक गोल, भरपाई वेळेत दुसरा, आणि पेनल्टीवर हरलो.

आर्सेनलवाल्याचा मेसेज आला, "अँज असता तर २-० वर असा मागे बसला नसता."

कोल्हापूरकर, "अँज असता तर ५-४ हरले असते."

मी नोट्स उघडून बघितल्या. दोन गोलांनी पुढे असताना मागे बसण्याबद्दल त्यात एकही ओळ नव्हती.